मालगुजाराच्या भात्याचं तेल

—हाव, ऐकलं ना बाप्पा! एरंडीचं असली तेल, अर्धा शेर, अन् शिशीही संगं आनली—सारं ऐकलं, कान शाबूत आहेत माझे. पन उभ्याउभ्या तेल नाही भेटत इथ. बसा त्या पाटावर. प्यांटीले डाग पडंल म्हनून भेऊन राहिले का? पडंल. घाणीवालीच्या घरी येऊन डाग घेतल्याबिगर कोनी परत गेला नाही आजवर. तुम्ही गोंद्याच्या राइस मिलचे मिस्त्री ना? कसं समजलं म्हनजे? सकाळच्या प्यासिंजरनं आमगावले उतरले, मालगुजाराची बैलबंडी गेली होती तुम्हाले घ्याले—मोटार कशी जाईल, मोटार तर कोठ्यात पडून आहे तोंड वासून. मंग दुपारपर्यंत तुम्ही तिच्या इंजनाचा तो भाता खोलला, कोपरापर्यंत काळे झाले, मालगुजाराच्या घरची कढी खाल्ली—पातळ होती ना? पातळच राहते—अन् आता दुलीचंद मालगुजार म्हनला, जा मिस्त्री, मनकर्णीच्या घरून साजरं तेल घेऊन या. गावात कोनी खोकललं तरी मले समजते भाऊ. घाणीवर बसलेल्या बाईले दुसरा धंदा कोनता? बैल फिरते, घाणीची लाट फिरते, अन् गावाच्या गोष्टी आपोआप गळून येतेत.

घाई आहे? कायची घाई? पंच सांजेले बसतेत. ऊन अजून चिचेच्या शेंड्यावर आहे. मले माहीत आहे ना, साक्ष तुमची आहे. तुम्ही म्हननार का भात्यात जवसाचं तेल भेटलं, पंच मान हालवनार, अन् मालगुजाराचा डायवर उदाराम चोर ठरनार—मालकानं एरंडीचं आनाले धाडलं, यानं ते इकून खाल्लं अन् भात्यात जवस ओतलं. मंग तो अन् त्याची माय धुरपता, दोघं मायलेक उद्या सकाळी घर खाली करून गाव सोडनार. घराची जागा मालगुजाराची ना! एका दिवसात मोठे मानूस झाले तुम्ही. काल गोंद्यात इंजनाचे नट कसून राहिले होते, आज दोघाले गावाबाहेर काढून राहिले. नाही नाही, तुम्हाले नाही बोलत मी. तुम्ही जे दिसलं तेच सांगसान. तेच तर मी म्हनतो.

पन तुम्हाले हे तरी सांगतलं का, हा भाता आला काऊन? नाही सांगतलं? मंग ऐका, फुकटात ऐका. मागच्या सालची मंडई. दिवारी झाली का आमच्या इकडे गावोगाव मंडया भरतेत, तुम्ही झाडीपट्टीतलेच, तुम्हाले काय सांगू. तर आमगावच्या मंडईले आमचा दुलीचंद मोटारीत बसून निंगाला—मोठा फेटा, डोळ्यात सुरमा, मागं दोन लठैत—अन् मागून आला केशोराव. तो पलीकडच्या गावचा मालगुजार, याच्या साळ्याचा साळा. त्याची मोटार नवी. पोंपों केलं अन् गेला पुढं. दोन कोस दुलीचंदानं त्याची धूळ खाल्ली. आमगावले पोचला तं फेटा लाल, मिशा लाल, लोक म्हनत, मालगुजार गेरूच्या खदानीतून आले का जी? बस. ते धूळ पोटात गेली ते बाहेर निंगालीच नाही. रात्री बायकोवर, सकाळी नोकरावर, दिवसभर उदारामावर. मोटार तेच, रस्ता तेच, डायवर तेच—पन दुलीचंदाले केशोरावाच्या पुढं जाचं होतं.

मंग जर्मन-जपानची लढाई सरली. बिरशीच्या इमानाच्या मैदानावरचे साहेब आपापले बोरेबिस्तर बांधून राहिले होते. त्यातल्या एकाकडून यानं हे लचांड आनलं. साहेबानं आपल्या मोटारीचं काढलं अन् याच्या गळ्यात बांधलं. तुमच्या भाषेत सुपरचार्जर म्हनतेत ना? मास्तरानं तीनदा म्हनून दाखवलं, तीनदा जीभ अडकली. आमी भाताच म्हनतो. लोहाराचा भाता आरावर हवा मारते, हा इंजनाच्या तोंडात हवा मारते, एवढंच ना? पट्ट्यानं फिरते, आत पोलादाच्या पट्ट्या सरकतेत, अन् एका डबीतून त्याले थेंबथेंब तेल पडते—बराबर? उदारामानं मले सारं समजावून सांगतलं होतं, इथ, तुम्ही बसले त्याच पाटावर. शिकलेला नाही, पन समजदार आहे पोट्टा. तो म्हने, मावशी, मोटारीचं तेल एक अन् याच्या आतलं तेल एक. हे गरम होते तव्यासारखं, अन् गरम झाल्यावर जे तेल पातळ होऊन पळते ते कामाचं नाही, अन् जे घट्ट होऊन बसते ते तं मरनच.

आता तेल कोनतं? अगा बाप्पा! याच्यावर तर आठ दिवस दरबार भरला. बैठकीत सारे शहाने. सोनार म्हने खोबऱ्याचं टाका, घड्याळीले तेच लागते. वैद म्हने तिळाचं, तिळाचं तेल वात मारते—जसा का भात्याले वात झाला! पटवारी म्हने, गोंद्याहून इंजनाचं तेल आना, पन ते तेव्हा सरकारी चिठ्ठीबिगर भेटत नोतं. मास्तर साहेबाचं चोपडं घेऊन बसला, त्यात काय लिहिलं ते त्याले समजे, पन सांगाची हिंमत नोती. कारन दुलीचंदानं आधीच ठरवून टाकलं होतं. काय ठरवलं? हासू नका—तूप! साजूक तूप! म्हने देवाले तूप, जावयाले तूप, अन् इलायतेच्या भात्याले घाणीचं तेल घालू का मी? माझी इज्जत काय राहील? मंग सारे म्हनले, वा मालक, वा. सोनार वा, वैद वा. मास्तरानं चोपडं मिटलं. घातलं तूप. मोटार चालू केली तं साऱ्या गावात लगनाच्या पंगतीचा वास. पोट्टेसोट्टे पुऱ्या भेटतेत म्हनून धावत गेले. तुम्ही मिस्त्री आहा, खरं सांगा, पाह्यलं का कधी तुपावर चाललेलं मशीन?

पन चालली ना, तेच तं! सुरवातीले अशी पळाली का दुलीचंदाचा फेटा उडाला. पांदनीच्या वळनावर उदाराम म्हने हळू घेतो मालक, हा म्हने दाब. दाबलं. मोटार गेली सरळ बांधीत. कुवारचा, अश्विनाचा महिना, धान पोटरीत, बांधीत मांडीभर चिखल. पुढची दोन्ही चाकं गाडली. अन् मालक आत बसून. उतरला नाही खाली, जोडा खराब होते ना.

मंग बेगार. तुमच्या गोंद्यात आता नसंल, इथ आहे. मालगुजारानं बोट दाखवलं का तुमचा बैल त्याचा, तुमचा हात त्याचा, जोवर काम आहे तोवर. गावात अठ्ठावीस जोड्या. पन पाटलाच्या जोडीले बोट दाखवलं तं पाटील रुसते, कुनब्याच्या दारात गेलं तं दोन गोष्टी आयका लागतेत. मंग कोनाचा बैल? रांडमुंड बाईचा. पोरगा नागपूरच्या गिरनीत, घरात सून अन् मी—कोन भांडते? आले दोघं लठैत अन् घाणीचा बैल सोडला. चांद्या. मी म्हनलं, बाबू हो, अकरा साल झाले तो गोल फिरून राहिला, डोळ्याले झापड बांधून. त्याले सरळ वाट माहीत नाही. नेता तं न्या, पन झापड काढू नका, उघड्या डोळ्यानं तो भेते. हासले. म्हने बुढी, बैल तो बैल. झापड काढली अन् मोटारीले जुंपला, संगं दुसरा एक खोंड. लोक ओरडून राहिले, मालगुजार आतून ओरडून राहिला, अन् माझा चांद्या—त्याले काय येते? गोल फिरनं येते. तो उजवीकडे वळला. खोंड सरळ, हा उजवीकडे. चाबूक मारला तं अजून उजवीकडे. चिखलात मागचा पाय अडकला अन् मोडला. आवाज आला भाऊ. मी धुऱ्यावर उभी होती.

मोटार निंगाली, हाव. मोटार निंगाली ना! मालगुजार बसून घरी गेला. तोंड उघडून पाह्यलं पन नाही. उदाराम तेवढा राह्यला, त्यानं चौघे जमवले, बैलाले लाकडाच्या फऱ्यावर घालून घरी आनलं. चार दिवस हळद बांधली, जवसाच्या तेलानं चोळलं, रात्री इथंच बसे. पाचव्या दिवशी चांद्या गेला. तेव्हापासून घाणी कोन ओढते म्हनता? तो आवाज कायचा आहे, कुरकूर कुरकूर? माझी सून रुख्मा. सकाळी ती, दुपारी मी. मोठं साजरं चालते, पोट पन भरत नाही अन् चरबी पन होत नाही.

मी कायले रडून राहिली? नाही रडून राहिली. धूर आहे. तर तेलाचं सांगत होती. तुपाचं नाटक सरलं, मंग टोरीचं टाकून पाह्यलं, मोहाच्या बियाचं—ते थंडीत गोठते. पहाटे मोटार काढली तं भाता दगडासारखा. तेव्हा कुठ मास्तराले हिंमत झाली अन् त्यानं चोपड्यातलं वाचलं: एरंडी. असली, साफ, पहिल्या घाणीचं. आता पाहा, आठ दिवस बारा शहाने डोकं फोडून राहिले होते, कोनी मले येऊन इचारलं का? बंडीच्या आसाले आमचे बुढे कोनतं तेल देत? एरंडीचं. काऊन? ते लोखंडाले सोडत नाही. तापलं तरी धरून राहते. अन् जवसाचं काऊन नाही देत? जवस खाले गोड, पन हवा लागली का त्याले साय येते, ऊन लागलं का चामडं होते. सुतार दाराले तेच तं चोपडते, चकचकीत व्हाले. दाराले साजरं, आसाले जहर. हे इथल्या शेंबड्या पोराले माहीत. बारा शहान्याले नाही.

मंग उदाराम आला तेल घ्याले. मंडईच्या तीन दिवस आधी. तुम्ही आता मांगून राहिले तसंच मांगलं, अर्धा शेर असली. पारखून पाह्यलं का त्यानं? नाही पाह्यलं. एरंडी पारखाची असंल तं सोपी गोष्ट आहे—मोहाची पहिल्या धारेची दारू घ्याची, त्यात तेल घालून हालवाचं. एरंडी दारूत जिरून जाते, दुसरं कोनतंही असलं तं येगळं राहते. त्याले मीच कधी सांगतलं होतं हे. पन त्यानं नाही केलं. मावशीच्या घरचं तेल कायले पारखाचं म्हने. शिशी उजेडात पन नाही धरली. घेतली अन् गेला... तुम्ही करा हो पारख. तुम्ही मावशी म्हनत नाही, तुम्हाले बरं आहे.

मंडईचं पाह्यलं ना मी! सोताच्या डोळ्यानं. दोन कोस चालत गेली. बांगड्यावाल्याच्या पालाशी उभी राह्यली. तिकडे दंडारवाले ढोलकी कसून राहिले, इकडे भज्याचा घाना, अन् रस्त्यावर धूळ उठली. पुढं दुलीचंद, मागं केशोराव! खरंच पुढं होता. भाता असा ओरडून राहिला होता का बायका कानात बोटं घालत. दुलीचंद उभा राहून मिशीले पीळ देऊन राहिला होता. अन् बरोबर मंडईच्या मधोमध, पानठेल्यासमोर, भात्यानं एक कण्ह दिला, पट्टा तुटला, निळा धूर, अन् सारं ठप्प. केशोराव हळूच बाजूनं गेला, पोंप केलं—एकच पोंप. असा हासला बाजार! कुंभारीन हासून मडक्यावर पडली. मी पन हासली. पदर तोंडात घालून इतकी हासली का पोट दुखलं. पंचावन्न वर्षाची बाई मी, चांद्या गेल्यावर पहिल्यांदा हासली.

मंग दुलीचंद खाली उतरला. आता जोड्याची काळजी नोती, जोडा हातातच होता. भर बाजारात, हजार लोकांत, त्या पोट्ट्याले... मोजाले कोन बसलं होतं. उदाराम हात जोडून एकच म्हने, मालक तेल असली होतं, मालक मी सोता आनलं. माझ्या घरचं नाव पन नाही घेतलं. मावशीच्या घरून आनलं म्हनला असता तं...

जाऊ द्या. ते काय कागदात बांधून आनलं तुम्ही? भात्यातल्या पट्टीवरून खरवडलेलं? हेच का पंचाले दाखवनार? दाखवा इकडे. द्या ना, खात नाही मी. हं. नख रुतत नाही. चिमटीत तुटते, भुकटी नाही होत. थांबा, चुलीतला आर घेतो... पाहा, वास घ्या. कोन म्हनते हे जवस आहे? मालगुजार म्हनते? अन् तुम्ही मान हालवली? कमाल आहे बाप्पा, गोंद्याचे मिस्त्री! निव्वळ जवस असतं तं मोटार गावाची शीव पन ओलांडत नोती, पाव कोसात चिकटली असती. हे मिसळ आहे, मिसळ. पाच वाटे एरंडी अन् तीन वाटे जवस. अन् जवस पन कच्चं नाही, कच्चं पातळ राहते, शिशीत पाहूनच समजते. हे परातीत दोन दिवस उन्हात ठेवून दाट केलेलं. एरंडीच्या जाडीले जाडी मिळाली पाहिजे, रंगाले रंग. अन् तीनच वाटे काऊन? दोन टाकलं तं परत येईपर्यंत टिकते, चार टाकलं तं पांदनीतच बसते. तीन टाकलं का दोन कोस पुरं तापू देते, अन् मंग मंडईच्या बरोबर मधोम—

...

काय पाहून राहिले असे?

वासावरून समजते. तीस साल घाणीवर गेले माझे, वासावरून सांगतो मी कोनाच्या वावरातला जवस आहे. काय? तीन वाटे वासावरून समजले, पन परात कशी समजली? ...मोठे हुशार आहा तुम्ही. सकाळपासून तीन घास कढी खाऊन बसले अन् आता अक्कल आली. मले वाटलं प्यांटीवाला मानूस, तेल घेईल अन् जाईल.

बरं. हाव. म्यांच केलं. काय म्हनता? हळू कायले बोलू, रुख्माले माहीत आहे, परात तिनंच फिरवली होती उन्हात. जिभेवर मालक नाही माझा, कोनी तेलाबद्दल चुकीचं बोललं का मले राहवत नाही. मराले टेकली तरी हे खोड जानार नाही. पन एक सांगतो, मले पसतावा नाही. मोटारीचा नाही, भात्याचा तं नाहीच नाही. त्या मोटारीनं माझा चांद्या खाल्ला, मी तिचा भाता खाल्ला. मले दुलीचंदाले बाजारात उघडा पाडाचं होतं अन् तो पडला. पुन्हा ते दिवस आले तं पुन्हा तीन वाटेच टाकीन.

पन चोर सोडून संन्याश्याले फाशी, हे नोतं ना मनात! मी मारलं मालगुजाराले अन् लागलं उदारामाले. मले वाटलं, मशीन बिघडली तं मशीनले शिव्या देतीन, साहेबाले देतीन, केशोरावानं मूठ मारली म्हनतीन. मोठ्या लोकाले शिव्या द्याले का जागा कमी असते? पन त्यायचा हात खालीच येते, दरखेपी खालीच येते. हे मले समजाले पाहिजे होतं, पंचावन्न सालात नाही समजलं तं कवा समजंल? दुसऱ्याच्या अकलेवर मी हासतो, तुपावर हासतो, अन् सोता काय केलं? ज्या पोट्ट्यानं चार दिवस माझ्या बैलाच्या पायाशी बसून काढले, त्याच्याच हातात शिशी देली. हासून देली. जपून जा बापा म्हनलं, वरून.

काल धुरपता आली होती, त्याची माय. मी म्हनलं, आता ही इचारते, बाई, तेल कसं होतं सांगा. नाही इचारलं. पोळ्याच्या वक्ती माझं सूप उसनं नेलं होतं तिनं, ते परत द्याले आली. पुसून, शेनानं सारवून आनलं. म्हने, जाच आहे तं कोनाचं काही राह्यलं नाही पाहिजे, तुमचं एकटीचंच सूप राह्यलं होतं. मी सूप घेतलं. घेतलं अन् खुंटीले टांगलं, अन् तिले म्हनलं, बस ना, चहा घे. ती बसली नाही. ते सूप खुंटीवरून पाहून राहिलं असं वाटते, उलटं करून ठेवलं मी.

अन् खरं सांगू का भाऊ, सात दिवस झाले मंडईले. सात दिवसात पंचानं सोनाराले इचारलं, वैदाले इचारलं, मास्तराले चोपडं पुन्हा वाचाले लावलं, गोंद्याहून भाडं देऊन तुम्हाले आनलं. भानगड कायची? तेलाची. गावात घाणी किती? एक. मंग मनकर्णीच्या दारात कोनी येऊन म्हनलं का, बाई, तू सांग, हे तेल कोनतं? कोनी नाही. तुम्ही पहिले, अन् तुम्ही पन तेल घ्याले आले, इचाराले नाही. इचारलं असतं तं पहिल्याच दिवशी बोलून गेली असती, आता गेली तशी. सात दिवस मी याच पाटाकडे तोंड करून बसली. एका अंगानं वाटे, कोनी नाही आलं तं बरं. दुसऱ्या अंगानं वाटे, कोनी तरी या ना रे.

काय म्हनता? तुम्हीच सांगता पंचाले? माझं नाव न घेता? मिसळ होती, दुकानातून आली असंल, डायवराचा दोष नाही—असं? मोठं मन आहे तुमचं. पन तुम्ही दुलीचंदाले ओळखत नाही. तो म्हनंल, मिस्त्री फितला. तुमची मजुरी जाईल अन् उदारामाले अजून दोन जोडे जास्तीचे पडतीन. अन् समजा मानलं त्यायनं, तं तुम्ही काय सांगसान? पाच अन् तीन सांगसान. उनाचे दोन दिवस सांगसान. चांद्याचं कोन सांगंल? तुमच्या चोपड्यात आहे का त्याचं? ते मलेच सांगा लागते.

बाई पंचापुढं बोलत नाही आमच्याकडे, माहीत आहे. कुडाच्या आड बसते अन् तिच्याकडून कोनी तरी बोलते. मी कुडाआड नाही बसनार. बैठकीच्या मधात उभी राहीन, अन् तुमचा हा कागद—नाही, हा माझ्यापाशी राहू द्या आता—हा कागद चुलीतून संगं नेलेल्या आरात टाकीन, अन् साऱ्याले वास घ्याले लावीन, सोनाराले, वैदाले, साऱ्याले. मले पुन्यवान समजू नका. उदाराम चोर नाही हे सांगाले जाऊन राहिली, हे खरं. पन दुलीचंदाचं तोंड पाहाले पन जाऊन राहिली, हे पन तेवढंच खरं. त्याले समजलं पाहिजे, का त्याले बाजारात कोन्या डायवरानं नाही बसवलं, घाणीवाल्या बुढीनं बसवलं, नापून तोलून. इतकं बारीक काम मी केलं अन् ते त्या बावळट पोट्ट्याच्या नावावर चढवू देऊ? ज्याले शिशी उजेडात धरनं येत नाही त्याच्या?

हाव, माझं घर पन त्याच्याच जागेवर आहे. कायले आठवन देता? मले का माहीत नाही?

—रुख्मा! ओ रुख्मा! थांबव घाणी. थांबव म्हनलं ना. लाट सोड, ते तेल तसंच राहू दे. भांडेकुंडे काढ अन् पोत्यात बांध, दोन पातळं वरती ठेव. काऊन म्हनजे? काऊन ते तुले माहीत आहे. रडू नोको, बांध.

अन् तुम्ही काऊन बसले अजून? तेल? तेल नाही भेटत. थेंब नाही भेटत त्या भात्याले माझ्या घरून. शिशी घ्या तुमची. सांजेची गाडी आहे गोंद्याची, पकडा अन् जा, पंचापुढं तुमचं काही काम उरलं नाही. उठा.

उठा म्हनतो ना, मले पातळ बदलू द्या.